फुटक्या कपांचा हौद

कर्जतच्या बाजारात कासमभाई मुकादमांचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान आहे. तिथे एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातून कप पडून फुटला, की आधी गिऱ्हाईक पांढरं पडतं, मग त्याची बायको त्याला कोपर मारते आणि मग दोघंही भीत भीत कासमभाईंकडे बघतात. कासमभाई हसत असतात. साधं हसू नाही. घरात बारसं असल्यासारखं. गुडघ्यावर हात टेकून ते वाकतात, तुकडे एकेक करून उचलतात, तुटलेला कान डोळ्यांसमोर धरून बघतात आणि म्हणतात, "गेला नाय ओ. कामाला लागला."

भांड्यांच्या दुकानात सहसा 'हात लावू नये' अशी पाटी असते. यांच्याकडे पाटी होती: 'फुटलेले टाकू नये. आणून द्यावे.'

मी वसंत कारखानीस, राहणार दहिवली, वय एक्क्याऐंशी. सरकारी नोकरीत ओव्हरसीयर होतो. पूल, मोऱ्या, शाळांच्या खोल्या. आयुष्यभर सिमेंटशी संसार केला आणि तो सुखाचा झाला. कासमभाईंवर लिहायला बसलो ते नुसती त्यांची गंमत सांगायला नव्हे. एका समितीच्या इतिवृत्ताच्या वहीत, माझ्या अक्षरात, त्यांच्याविषयी एक ओळ लिहिलेली आहे. ती खोटी आहे. ती कशी लिहिली गेली ते मला सांगायचं आहे. पण आधी माणूस नीट दाखवला पाहिजे, नाहीतर खोटं किती मोठं होतं ते कळायचं नाही.

कासमभाईंचे आजोबा चुन्याच्या घाणीवर मुकादम होते. दगडी गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल, आणि चरात चुना, वाळू नि विटांची भुकटी. त्या भुकटीला सुरखी म्हणत. चुना एकटा असला तर हवेत घट्ट होतो, पाण्यात मात्र त्याचं काही खरं नाही. पण भाजलेल्या मातीची बारीक भुकटी त्याच्यात मळली, की तो पाण्याखालीसुद्धा दगडासारखा होतो. जुन्या विहिरी, हौद, घाट असेच उभे आहेत. आजोबा गेले, घाणी बंद पडली, नातवानं भांड्यांचं दुकान टाकलं. पण दुकानात पहिला कप फुटला त्या दिवशी नातवाच्या डोक्यात उजेड पडला, की हीसुद्धा भाजलेली मातीच आहे.

"वीट भट्टीत जाते ती पास होन्यापुरती," कासमभाई मला सांगत. "कप जातो तो डिग्री घ्यायला. मग भुकटी कुणाची बरी, साहेब? तुमीच सांगा, तुमी इंजिनेर."

मी ओव्हरसीयर होतो हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. ते म्हणत, "तेच ते."

त्यांच्या गल्ल्यावर काचेच्या बरण्या असत. प्रत्येक बरणीत पाणी, पाण्यात चुन्याचा एकेक गोळा, आणि बरणीवर चिठ्ठी. 'नेरळ, संडासाच्या टाइल्स.' 'दहिवली, लोणच्याची भरणी.' 'माथेरान, माकड.' कोणता गोळा पाण्यात विरघळतो आणि कोणता घट्ट होतो, ते रोज सकाळी चमच्यानं टोचून बघायचं. एका नवख्या बाईंनी रसगुल्ले समजून भाव विचारला होता. कासमभाई म्हणाले, "अजून दोन महिने थांबा. कच्चे हायत."

'माथेरान, माकड' ही त्यांची सगळ्यात लाडकी बरणी. माथेरानला गाडी जात नाही. कपबश्यांची खोकी दस्तुरीच्या गाडीतळापासून पुढे घोड्याच्या पाठीवर नाहीतर हमालाच्या डोक्यावर जातात, तेव्हा वाटेतच थोडीफार फुटतात. उरलेल्यांचं माकडं बघतात. हॉटेलच्या ओट्यावर पाहुणा चहा घेत बसला, की माकड बिस्किटासाठी झडप घालतं आणि कपबशी दरीत नाहीतर फरशीवर. एका हॉटेलच्या मॅनेजरशी कासमभाईंनी ठरवून टाकलं होतं: नवा माल यांच्याकडून घ्यायचा, फुटका यांनाच परत द्यायचा. मॅनेजर एकदा म्हणाला, "चाचा, यंदा माकडांचा बंदोबस्त करायचा विचार आहे." कासमभाईंचा चेहरा पडला. म्हणाले, "त्यांच्या पोटावर कशाला पाय देता? आणि माझ्या?"

नेरळला नव्या इमारती उठत होत्या. बिल्डर लोक तडकलेल्या टाइल्स, फुटके बेसिन, कमोड रस्त्याकडेला टाकत. कासमभाई ते गोळा करायला टेंपो नेत. एकदा टेंपो बंद पडला, तर गृहस्थ कडेला तडा गेलेला कमोड मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, ह्याचं तिकीट काढावं लागंल. जागा अडवलीय."

"लोक ह्याच्यावर बसत्यात," कासमभाई म्हणाले. "हा कुठं बसलाय? मी बसलोय, हा माझ्यावर हाय."

कंडक्टरनं विचार केला आणि पुढच्या सीटकडे गेला.

पण त्यांचा खरा कच्चा माल यायचा घराघरातून. बाया-बापे पिशवीत तुकडे घेऊन यायचे. कासमभाई स्टूल पुढे करायचे, समोरच्या टपरीवरून चहा मागवायचे, आणि तुकडे कापडावर मांडून बघत बसायचे. बघता बघता त्यांना एक विद्या आली होती. पडलेला कप कसा फुटतो आणि आपटलेला कसा फुटतो, हे ते तुकड्यांवरून ओळखत. त्यामुळे सगळ्या कर्जत-दहिवलीचं घरगुती हवामान त्यांना ठाऊक असे. पण कधी तोंडातून शब्द नाही. एखादी बाई डोळे चुकवत म्हणायची, "पडला हो हातातून." कासमभाई तुकडा उलटा करून बघायचे. आपटलेला आहे हे त्यांना लख्ख दिसायचं. ते म्हणायचे, "व्हय. पडलाय. आजकाल कपच निसरडे येतात." आणि चहात साखर जास्त घालायला सांगायचे.

हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. पुढे लागणार आहे.

खालापूरच्या अलीकडे, जुन्या घाटरस्त्याला एक दगडी धर्मशाळा आहे. घाट चढणाऱ्या बैलगाड्या तिथे थांबत. शेजारी बैलांना पाणी प्यायला हौद. दोन्ही पडायला आलं होतं. आमच्या अण्णा पाटलांच्या अध्यक्षतेखाली जीर्णोद्धार समिती निघाली. अण्णा माझे शाळेतले मित्र. खालापूर भागात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी मला कार्यवाह केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला दुसरं काम नव्हतं. पहिल्याच बैठकीत कासमभाई एक बरणी घेऊन आले. आतला गोळा त्यांनी बाहेर काढला आणि अण्णांच्या टेबलावर आपटला. टेबलाची काच गेली, गोळा तसाच.

अण्णा काचेकडे बघत म्हणाले, "वसंता, ह्यांना काम देऊ. नाहीतर आणखी काही फोडतील."

कासमभाईंनी काचेचे तुकडे गोळा केले, नीट पाहिले आणि खिन्नपणे परत ठेवले. म्हणाले, "काच नाय चालत. हिच्यात माती नाय."

मग धर्मशाळेच्या अंगणात घाणी पुन्हा उभी राहिली. आजोबांचं दगडी चाक कासमभाईंनी परसातून काढून आणलं. प्रश्न बैलाचा होता. बैल कुणी देईना. तेव्हा त्यांनी माथेरानहून एक निवृत्त घोडा आणला. त्याचं नाव मिनिस्टर. मिनिस्टरनं सगळं आयुष्य पाहुण्यांना पॉइंट दाखवण्यात घालवलेलं. चाकाला जुंपला तर वीस-पंचवीस पावलं चालायचा, थांबायचा, मान उजवीकडे वळवायचा आणि स्थिर उभा राहायचा. चाबूक दाखवा, गाजर दाखवा, हलायचा नाही. दोन दिवस आम्ही हैराण. तिसऱ्या दिवशी कासमभाई त्याच्या समोर गेले, डोळ्याला मोबाईल लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "झाला फोटो. चल." मिनिस्टर चालू लागला.

त्यानंतर सगळं काम त्या तालावर झालं. वीस पावलं, फोटो, वीस पावलं, फोटो. वरच्या ठाकूरवाडीतली हिराबाई तुकडे कांडायला येत असे, तीही मुसळ थांबवून ओरडायची, "फोटो झाला रं, चल मुडद्या." कपांची, कौलांची, भरण्यांची भुकटी चाळून चुन्यात पडायची, आणि त्या मिश्रणाला पहाटेच्या ढगासारखा फिकट गुलाबी रंग यायचा. कासमभाई चिमूट घेऊन बोटांत चोळायचे आणि हिराबाईला सांगायचे, "ह्याच्यात तुज्या वाडीतली मडकी हायत, अण्णांच्या सुनेची बशी हाय, साहेबांच्या घरचा फ्लॉवरपॉट हाय. सगळे एका जागी. आता भांडून दाखवा म्हनावं."

मला गंमत वाटत होती, पण विश्वास बसत नव्हता, हे मी कबूल करतो. सिमेंट संध्याकाळी लावलं की सकाळी टणक. हा चुना आठ-आठ दिवस ओल्या गोणपाटाखाली पडून राहणार, नख लावलं तर ओरखडा उठणार. मी विचारलं की कासमभाई म्हणत, "त्याला येळ द्या. तो कायम राहायला आलाय, घाई कशाला करंल?"

उद्घाटनाची तारीख ठरली. मोठे पाहुणे येणार होते. माझी बायको मालती हिनं सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की हे यांचं शेवटचं मोठं काम आहे, आणि कार्यक्रमासाठी जरीची साडी काढून उन्हात टाकली. हौदाचा फक्त एक कोपरा राहिला होता. तारीख चार दिवसांवर. तो कोपरा चुन्यानं भरला तर चार दिवसांत पाणी भरता येणार नाही, हे कासमभाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "पाहुन्यांना कोरडा हौद दाखवा," ते म्हणाले. "पानी नंतर भरू. हौद कुठं पळून जातोय?"

कोरड्या हौदाचं उद्घाटन. मला ते लग्नात नवरा नसल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी कासमभाई नमाजाला खालापूरला गेले. जाताना म्हणाले, "साहेब, मी येईस्तवर त्या कोपऱ्याला हात लावू नका." मी मान हलवली. त्यांचा टेंपो वळणाआड गेला आणि मी स्कूटरच्या डिकीतून सिमेंटची पिशवी काढली. सकाळीच आणून ठेवली होती. म्हणजे मनात आधीपासून होतं. घाणीतून काढलेल्या तीन घमेली मिश्रणात मी ते सिमेंट कालवलं. हिराबाई बाजूला भाकरी खात होती.

"सायब, ही राख कसली वं?"

"पावडर आहे. पक्कं होण्यासाठी."

तिनं माझ्याकडे बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि पाठ फिरवून बसली. थापी माझ्या हातात. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं काम. तासाभरात कोपरा भरून काढला आणि वरून गुलाबी भुकटी फासली, म्हणजे रंग कळू नये.

कासमभाई आले. कोपऱ्यावर नखानं टकटक केली. वाकले, ऐकलं. मग माझ्या बुटांकडे त्यांची नजर गेली आणि तिथे जरा थांबली.

"लवकर धरलं," ते म्हणाले.

"ऊन आहे ना," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "ऊन हाय."

मला वाटलं, सुटलो.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मीच टँकर बोलावून हौद भरला. कासमभाई म्हणाले, "भरताय?" मी म्हणालो, "धरलंय की आता." ते टेंपोकडे वळले. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. मांडव पडला, गालिचा अंथरला, पाहुणे आले. त्यांनी भाषणात आमच्या पूर्वजांच्या पाणी साठवण्याच्या कलेचा उल्लेख केला, आणि नेमकं तेव्हाच पूर्वजांचं पाणी गालिच्याखालून त्यांच्या बुटांपर्यंत पोहोचलं. आधी त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाय वर घेतले. अण्णा खुर्चीवर मांडी घालून बसले. सिमेंटचा तो कोपरा आक्रसला होता. त्याच्या आणि चुन्याच्या मधोमध उभी चीर गेली होती, आणि तिच्यातून हौद शांतपणे कार्यक्रमाला येत होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "फुटक्या कपात चहा राहत नाय, हौदात पाणी कसं राहील?" मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. पाहुणेही हसले. मिनिस्टर खिंकाळला. सगळ्यांनी आधी कासमभाईंकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, कारण शिकलेला मी.

कासमभाई हौदापाशी उभे होते. त्यांचं बोट चिरेवर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि त्यांनी तोंड मिटलं.

मी माईक घेतला आणि म्हणालो, "हा एक प्रयोग होता. चिनीमातीची भुकटी या कामाला उपयोगी नाही, असं दिसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी वहीत लिहिलं: 'श्री. कासम मुकादम यांच्या चिनीमातीच्या भुकटीमुळे हौदाचे काम निकृष्ट झाले.' खाली सही. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

पुढच्या गोष्टी हळूहळू घडल्या. लोक कासमभाईंकडे तुकडे नेईनासे झाले. घंटागाडी दारात येते, तिच्यात टाकणं सोपं. गल्ल्यावरच्या बरण्या गेल्या, मग पाटी गेली. मिनिस्टर माथेरानला परत गेला. मला हे कसं माहीत, तर लांबून. आमच्या घरून बाजारात जायला दोन गल्ल्या आहेत. पहिली त्यांच्या दुकानावरून जाते. मी दुसरीनं जायला लागलो, आणि सहा वर्षं दुसरीनंच गेलो. म्हाताऱ्याला लांबचा रस्ता का बरा वाटतो, हे कुणी विचारत नाही. लोक समजतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांचा फोन आला. "वसंता, तो हौद मुरूम टाकून बुजवायचा ठरतोय. वर लोकांना फोटो काढायला जागा करू. तुला सहीला यावं लागंल."

"बुजवायचा कशाला?"

"अरे, निकृष्ट हाय ना. वहीत हाय. तूच लिहिलंयस."

फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेलो. माझा चहाचा कप ओट्यावर होता, निळ्या रेघेचा, कासमभाईंच्याच दुकानातला. तो उचलला आणि फरशीवर आपटला.

"काय फुटलं?" मालती आतून म्हणाली.

"कप."

"कुणाचा?"

"माझा."

"मग हरकत नाही," ती म्हणाली.

तुकडे रुमालात बांधले आणि सहा वर्षांनी पहिल्या गल्लीनं गेलो. दुकानात कासमभाई एकटेच होते. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली, दोन्ही मुलगे आखातात, हे कानावर होतं. भेटायला मात्र गेलो नव्हतो. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. जणू मी काल येऊन गेलो होतो.

"या साहेब. काय आनलंत?"

मी रुमाल सोडला. त्यांनी कापड पसरलं, तुकडे मांडले, तुटलेला कान डोळ्यांसमोर धरला. सावकाश फिरवून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पडला वाटतं. आजकाल कपच—"

"पडला नाही," मी म्हणालो. "आपटला."

त्यांनी कान खाली ठेवला. मी पुढचं सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, डिकीतली पिशवी, तीन घमेली, वरून फासलेली भुकटी. समोरच्या टपरीवरचा रेडिओ मोठ्यानं खताची जाहिरात करत होता.

"म्हायती हाय," कासमभाई म्हणाले.

"हिराबाईनं सांगितलं?"

"तिनं कशाला? तुमच्या बुटावर धूळ करडी होती. माजी भुकटी गुलाबी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? सगळा मांडव तुम्हाला हसत होता."

"वहिनी पुढल्या रांगेत बसल्या होत्या," ते म्हणाले. "जरीची साडी नेसून."

त्यांनी टपरीकडे दोन बोटं दाखवली आणि ओरडून सांगितलं, "साखर जास्त." मग म्हणाले, "मला वाटलं, साहेब दोन-चार दिसांत येतील. तुकडा घेऊन. मग बोलू."

"मी सहा वर्षं लावली."

"तुकडा मोठा असंल," कासमभाई म्हणाले.

चहा आला. ते बशीत ओतून घेत म्हणाले, "खरं सांगू? चुन्याचं मला तेवढं वाईट नाय वाटलं. चुना काय, आज नाय तर उद्या. पन मानसं यायची बंद झाली. नवा कप घेनारा मानूस पिशवी उचलतो नि जातो. फुटलेलं घेऊन येनारा बसतो. दोन घटका बोलतो. आमिना गेल्यावर तर..." त्यांनी स्टुलाच्या रिकाम्या कडेवरून हात फिरवला. "हे स्टूल मी तुकडे आननाऱ्यांसाठीच घेतलेलं."

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. अण्णा टेबलावर पुढे वाकले. "आता बोलतोस व्हय रं?" ते म्हणाले. "माझे मोजे भिजले होते." मग कुणी हसलं, कुणी हसलं नाही. शेवटी ठरलं असं: तो कोपरा कासमभाईंनी पुन्हा करायचा, हवा तेवढा वेळ घ्यायचा. मग आठ दिवस हौद भरून ठेवायचा. पाणी राहिलं तर हौद राहील.

कासमभाईंची एकच अट होती. सिमेंट मी काढायचं. छिन्नी-हातोडा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तुमचं तुमी काढा, साहेब. मला त्यातलं कळत नाय." या वयात मी हौदात बसून तीन सकाळी ठोकत होतो. हिराबाई काठावर उभी राहून बघायची. "राख निघंना व्हय सायब? लई पक्की दिसतीय." मी हातोडा दाखवला की पदर तोंडाला लावून खिदळायची. शेजारी बाकीचा चुना मात्र एवढा घट्ट झाला होता, की चुकून छिन्नी तिकडे सरकली तर हाताला झिणझिण्या येत.

मिनिस्टर पुन्हा आला. थकला होता, दात पडले होते, पण वीस पावलांवर थांबून मान वळवणं काही सुटलं नव्हतं. दळायला माल कमी पडला, म्हणून कासमभाईंनी माझा निळ्या रेघेचा कप स्वतःच्या हातानं घाणीत टाकला. महिनाभर कोपरा गोणपाटाखाली होता. मी रोज सकाळी स्कूटरवरून जाऊन त्यावर पाणी मारत होतो. घाई केली नाही. नखसुद्धा लावलं नाही.

मग हौद भरला. कासमभाईंनी आतल्या दगडावर पाण्याच्या रेषेशी खडूची खूण केली. आठ दिवस आम्ही दोघं खुर्च्या टाकून तिथे बसत होतो, पाण्याकडे बघत. दोन म्हातारे काय बघतायत म्हणून वाटेवरच्या गाड्या थांबायच्या. पाणी रोज किंचित खाली जायचं. मी घाबरायचो. कासमभाई म्हणायचे, "ऊन पितंय थोडं. बाहेरून बघा की." मी काठीचा आधार घेऊन हौदाला बाहेरून फेरी मारायचो, प्रत्येक सांध्यावर हात फिरवायचो. कोरडा. आठव्या दिवशी अण्णा आले. कोपऱ्यापाशी उकिडवे बसले, खिशातून रुमाल काढून दगडावर दाबून धरला, उलटा करून बघितला आणि कोरडाच्या कोरडा परत खिशात ठेवला. म्हणाले, "मुरूम दुसरीकडं टाका."

ती पाटी आता परत लागली आहे. परवा मी दुकानात होतो, तर अण्णांची सून पिशवी घेऊन आली. फुटकी भरणी. "पडली हो चाचा," ती म्हणाली. कासमभाईंनी तुकडा उलटा करून पाहिला. "व्हय, पडलीय," म्हणाले. मी स्टुलावरून उठून तिला जागा दिली.

मी काढलेल्या सिमेंटचं पहिलं ढेकूळ कासमभाईंनी त्याच दिवशी हौदाच्या काठावर धुऊन, पुसून माझ्या हातात दिलं होतं. म्हणाले होते, "हे दळून चुन्यात घालता येत नाय. माज्या काही उपयोगाचं नाय. तुमी न्या. तुमच्याकडं लागंल कामाला."

हे लिखाण मी समितीच्या वहीत, त्या खोट्या ओळीच्या समोर चिकटवणार आहे. आत्ता दुपार आहे आणि डोक्यावर पंखा जोरात फिरतो आहे. लिहून झालेली पानं टेबलावर एकावर एक ठेवली आहेत आणि त्यांच्यावर ते ढेकूळ आहे. एकही पान हललेलं नाही. कामाला लागलं.